हातपिशवीवरील लाट

हातपिशवीवर छापलेली एक निळी लाट हल्लीं देशोदेशींच्या दुकानांतून दिसते. फेंसाचे पंजे उगारून ती उभी असते, व पाहणारास ती शोभेची वेलबुट्टी वाटते. मूळ चित्र जपानांतील होकुसाई (१७६०–१८४९) याचें असून तें सुमारें १८३१ सालीं प्रसिद्ध झालें. फूजी पर्वताच्या छत्तीस दर्शनांची जी चित्रमाला त्यानें काढिली, तिच्यांतील हें एक. वाचकहो, पुन्हां अशी पिशवी दिसेल तेव्हां लाटेच्या कुशींत नीट पाहा. तेथें तीन लांब, अरुंद होड्या आहेत. ताजी मासळी एदो शहरास, म्हणजे आजच्या टोकियोस, पोंचविणाऱ्या त्या जलद होड्या; आणि त्यांत खलाशी जीव मुठींत धरून ओणवे झाले आहेत. दूर, तळाशीं, फूजी एवढासा!

हें चित्र कुंचल्यानें रंगविलेलें नव्हे. लांकडी ठशांनीं छापलेलें आहे. चित्रकाराचें रेखाटन पातळ कागदावर असे. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून कोरणारा रेषा तेवढ्या उंच राखी व बाकीचें लांकूड खोदून काढी. या कामीं मूळ रेखाटन नष्टच होई! पुढें रंगांसाठीं निराळे ठसे. छापणारा ठशावर रंग लावी, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा ओलसर कागद त्यावर ठेवी, आणि बांबूच्या पातींत गुंडाळलेल्या चकतीनें तो पाठीमागून घांशी. कागद केसभरहि सरकूं नये म्हणून ठशाच्या कडेस खुणा कोरलेल्या असत. निळा रंग मात्र यूरोपांत शोधलेला; त्यास प्रशियन निळा म्हणतात.

असें चित्र पिशवीवर आलें म्हणून नाक मुरडणारे रसिक आहेत. आम्हांस तें पटत नाहीं; हीं चित्रें मुळांतच बाजारासाठीं, सामान्य माणसास परवडावीं म्हणून छापलीं जात. आम्हांस खुपतें तें निराळेंच. पिशवीच्या आकारांत बसवितांना चित्र शिवणीशीं कापलें जातें व पुष्कळदां होड्याच नाहींशा होतात. जपानी वाचक उजवीकडून डावीकडे वाची. त्याची नजर होड्यांबरोबर जाऊन लाटेच्या तोंडावर आदळे. होड्या गेल्या, कीं उरते ती निव्वळ नक्षी.

डावीकडे वरच्या कोपऱ्यांत होकुसाईची सही आहे. पिशवीवर तीहि क्वचितच येते. ठसे कोरणाराचें व छापणाराचें नांव तर मूळ कागदावरहि नाहीं.