घरगुती ग्लुकोमीटरचा आकडा : शिरूर-दौंड परिसरापुरती काही दक्षता

ग्लुकोमीटरच्या पट्टीवर ग्लुकोजशी अभिक्रिया करणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, असते आणि त्या क्रियेतून निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून यंत्र साखरेचा अंदाज बांधते. आयएसओ 15197 या मानकाच्या 2013 च्या आवृत्तीनुसार किमान 95 टक्के मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्क्यांच्या आत, आणि साखर दर डेसिलिटरला 100 मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास 15 मिलिग्रॅमच्या आत, असाव्या लागतात. म्हणजे खरी साखर 65 असताना 78 दाखवणारे यंत्रही मानकात बसते, आणि 70 च्या खालची साखर धोक्याची मानली जात असल्याने ही सूट लहान नाही.

यंत्राच्या या मर्यादेपेक्षा मोठी चूक बोटावरून येते. यवत-केडगावच्या गुऱ्हाळांवर काहिलीजवळ राबणाऱ्या माणसाच्या हाताला काकवी लागलेली असते आणि काकवीत मुक्त ग्लुकोज असते. साखर 100 असताना रक्ताच्या एक मायक्रोलिटर थेंबात अवघे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, ग्लुकोज असते. तेवढेच बोटावरून मिसळले, तरी आकडा दुप्पट होतो आणि त्यावर विसंबून इन्सुलिन वाढवले तर साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. स्पिरिटच्या बोळ्याने हा थर पुरता निघत नाही, म्हणून हात साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करणे आवश्यक ठरते, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा खोटा खाली येतो.

पट्ट्या साधारणपणे 30 अंशांखाली ठेवायच्या असतात. चैत्र-वैशाखात दौंडकडील पत्र्याच्या घरात ही अट पाळणे अवघड असते. फ्रिजमध्ये मात्र त्यांना दमटपणा बाधतो, तेव्हा घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, झाकण घट्ट लावलेल्या मूळ डबीतच त्या ठेवाव्यात.

रक्तक्षयाकडे तर फारच दुर्लक्ष होते. तांबड्या पेशी कमी असल्या की बरीच यंत्रे साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणून मधुमेही स्त्रीचे हिमोग्लोबिन डॉक्टरांना ठाऊक असायलाच हवे.

यंत्र पडताळायचे तर उपाशीपोटी, शिरेतून रक्त काढतानाच बोटाचीही तपासणी करावी, कारण जेवणानंतर बोटातील साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असते. नमुना वाडीवस्तीवरून शिरूरच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नळीतील पेशी ग्लुकोज खात राहतात. तो फ्लोराइड असलेल्या, करड्या झाकणाच्या नळीत घेऊन लवकर पोचवला नाही, तर चूक अहवालाची आणि दोष यंत्राला, असे होते.

घाम, थरथर, गोंधळलेपणा ही साखर उतरल्याची लक्षणे दिसत असताना आकडा चांगला आला, तर हात धुऊन नव्या पट्टीवर पुन्हा तपासावे. तेवढा अवकाश नसेल आणि रुग्ण शुद्धीवर, गिळू शकणारा असेल, तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही न घालता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.