पडद्याशेजारचा आवाज

चित्रपटगृहात शेजारी बसून सतत बडबडणारा प्रेक्षक कोणासही प्रिय नसतो. लोक त्याच्याकडे वळून वळून पाहतात. क्वचित कोणी त्याला दटावतोही. परंतु तोच शेजारी जाणता असला, हे दृश्य कसे घेतले, त्या कोपऱ्यात काय दडले आहे, हे नेमक्या क्षणी सांगणारा असला, तर? शिवाय त्याला हवे तेव्हा बोलते करता आले आणि नको तेव्हा गप्प बसविता आले, तर?

असा शेजारी १९८४ साली अमेरिकेत लाभला. 'क्रायटेरियन' या संस्थेने त्या वर्षी 'किंग काँग' हा १९३३ सालचा गाजलेला चित्रपट लेझर तबकडीवर आणला. या तबकडीवर आवाजासाठी एकाहून अधिक पट्ट्या होत्या. एकीवर चित्रपटाचा मूळ आवाज राहिला आणि दुसरीवर रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकाचे समालोचन आले. पाहणाऱ्याने हवी ती पट्टी निवडावी. 'किंग काँग'मधील अजस्र वानर म्हणजे वस्तुतः सुमारे दीड फूट उंचीची बाहुली होती. तिच्या अंगावर सशाची केसाळ कातडी चढविलेली होती. कारागीर तिचे हातपाय किंचित हलवीत आणि एक चित्र घेत; पुन्हा हलवीत आणि पुढचे घेत. दर वेळी बोटांचा स्पर्श केसांना होई. त्यामुळे पडद्यावर काँगच्या अंगावरचे केस सारखे थरथरताना दिसतात. एकदा कोणी ही गंमत दाखवून दिली, की ती पाहिल्यावाचून राहवत नाही!

पुढे डीव्हीडीच्या काळात दिग्दर्शकांची व नटांची समालोचने सर्रास येऊ लागली. परंतु तबकडीवर कोणी बोलावे, हे तबकडी काढणारी कंपनीच ठरवीत असे. आपल्या मालाला नावे ठेवणाऱ्यास ती कशाला बोलावील?

शिकागोचे विख्यात चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या प्रश्नाला वेगळी वाट सुचविली. लोकांसमवेत चित्रपट पाहण्याची त्यांना मोठी हौस. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे ते दरवर्षी विद्यापीठाच्या सभागृहात एखादा चित्रपट दाखवीत. अंधारात बसलेल्या कोणीही "थांबा!" असे ओरडावे, की चित्र जागच्या जागी थांबे आणि त्या एका दृश्यावर चर्चा रंगे. विद्वानाच्या नजरेतून निसटलेली गोष्ट कधी कधी एखाद्या साध्या प्रेक्षकालाच दिसते, हा अनुभव त्यांना तेथे आला असल्यास नवल नाही. २००२ साली एका मासिकात त्यांनी लिहिले, की ज्यांना चित्रपटाविषयी काही सांगायचे आहे, त्यांनी घरीच आपले समालोचन ध्वनिमुद्रित करावे आणि ते इंटरनेटवरून इतरांना द्यावे.

अनेकांनी ही वाट धरली. यासाठी साधने थोडीच लागतात : एक मायक्रोफोन, एक संगणक आणि कान झाकणारे हेडफोन. हेडफोन विसरून चालत नाही. ते नसले, तर चित्रपटाचे संवाद व संगीत मायक्रोफोनमध्ये शिरतात, आणि परक्याची मालमत्ता आपल्या नावाने वाटल्यासारखे होते. वाटायचा तो फक्त आपला आवाज. चित्रपटाची प्रत ऐकणाऱ्याने स्वतःची आणावी.

खरी कसोटी दोन्हींचा मेळ घालण्याची. बोलणारा आरंभीच सांगतो, "निर्मात्यांचे बोधचिन्ह नाहीसे होताच चित्र थांबवा. मी 'आता' म्हणताच पुन्हा सुरू करा." मध्ये मध्ये तो खुणेचे संवादही सांगतो, म्हणजे मागेपुढे झालेल्यास जुळवून घेता येते. एवढे करूनही फसगत होई. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या गतीने घेतलेला असतो. युरोपातील दूरदर्शन-पद्धती मात्र सेकंदाला २५ चित्रांची असल्याने तेथील डीव्हीडीवर चित्रपट किंचित वेगाने धावे. दोन तासांचा चित्रपट सुमारे पाच मिनिटे आधीच संपे! अमेरिकेतील समालोचक नायिकेच्या आगमनाचे वर्णन करू लागे, तेव्हा लंडनमधील घरात ती येऊन निघूनही गेलेली असे.

स्वतः ईबर्ट यांनी काही डीव्हीडींसाठी समालोचन केले होते. त्यांतील एक ऑर्सन वेल्स यांच्या १९४१ सालच्या 'सिटिझन केन' या चित्रपटाचे. या चित्रपटात एक दृश्य आहे. घरात आई मुलाला दूर पाठविण्याच्या कागदावर सही करीत आहे आणि मागच्या खिडकीतून तोच मुलगा बाहेर बर्फात खेळताना दिसत आहे. आई जवळ, मुलगा दूर. तरी दोघेही सारखेच स्पष्ट. हे साधण्यासाठी छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी किती खटपट केली असेल, ते सहज पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

२००६ साली कर्करोगावरील शस्त्रक्रियांनंतर ईबर्ट यांची वाचा कायमची गेली. ज्याने इतरांना बोलावयास सांगितले, तोच मुका झाला. ते लिहीत राहिले. यंत्राकडून बोलवूनही घेत, पण तो आवाज परक्याचा होता. तेव्हा स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील एका कंपनीने त्यांचा स्वतःचा आवाज संगणकावर घडविण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांचे पुष्कळ आणि निर्भेळ बोलणे हवे होते; ज्यात दुसऱ्याचा शब्द नाही, मागे संगीत नाही, असे. ते समालोचनांच्या मुद्रणांत सापडले. चित्रपटासमोर एकट्याने बसून उच्चारलेल्या त्या शब्दांचे बारीक तुकडे करून संगणकाने ते नव्याने जोडले. मार्च २०१० मध्ये अमेरिकेतील एका दूरदर्शन-कार्यक्रमात ईबर्ट यांनी कळफलकावर वाक्ये टंकलिखित केली आणि पत्नी शेजारी बसलेली असताना ती त्यांच्याच आवाजात ऐकू आली. आवाज थोडा अडखळत होता, सूरही मध्येच चुकत होता. परंतु तो कोणाचा आहे, हे कोणालाही सांगावे लागले नाही.