लाइनच्या हाताला सूज आली तर

केमोथेरपीसाठी दंडातून पिक लाइन, म्हणजे शिरेतून हृदयाजवळ जाणारी बारीक नळी, घातली की घरातले सगळे त्या हाताचे राखणदार होतात. माझ्या घरीही तेच झालं. पाण्याचा तांब्या उचलू देत नव्हते, केस विंचरायला वहिनी पुढे. केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर दंड जड वाटू लागला, मग अंगठी घट्ट झाली आणि काखेपासून मानेपर्यंत ठणका लागला. ‘लाइन नवीन आहे, एवढं व्हायचंच,’ असं सगळ्यांचं मत पडलं. शेजारच्या काकू गरम तेलाने चोळून द्यायला तयार झाल्या. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनी मात्र टेपने दोन्ही दंड मोजले आणि मला तडक सोनोग्राफीला पाठवलं. डॉपलरमध्ये काखेतल्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. असा हात कधीही चोळायचा नाही. गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

कर्करोगात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल वाढतो. पॅरिसच्या डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्येच हा संबंध मांडला होता. दोन वर्षांनी ते स्वतः पोटाच्या कर्करोगाने गेले. कर्करोगाच्या जोडीला शिरेत नळी असली की तिच्याभोवती रक्ताचा प्रवाह मंदावतो, शिरेचं अस्तर घासलं जातं. माझ्या गुठळीचं नेमकं कारण कोणी सांगू शकत नाही. पण हात अजिबात न हलवणं चांगलं नव्हे, हे डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. मूठ उघडमिट करा, मऊ चेंडू दाबा, रोजची हलकी कामं त्याच हाताने करा. जड बादली तेवढी नको. पाणी भरपूर प्या.

लाइन घालण्याआधीच विचारण्यासारखं बरंच असतं आणि ते विचारायला संकोच करू नका. उपचार बरेच महिने चालणार असतील तर पोर्ट, म्हणजे नळी जोडलेली त्वचेखालची छोटी डबी, बसवता येईल का? त्याला छोटी शस्त्रक्रिया लागते, खर्चही जास्त येतो, पण पिक लाइनपेक्षा पोर्टमध्ये गुठळ्या कमी होतात. पिक लाइनच घालायची असेल तर सोनोग्राफीने शीर मोजून घेतात ना? नळीने शिरेच्या व्यासाचा ४५ टक्क्यांहून जास्त भाग व्यापू नये. नळीचं टोक मोठी शीर हृदयात उतरते तिथे आहे ना, याची खात्री झाल्याशिवाय केमो सुरू होऊ देऊ नका. पूर्वी कधी गुठळी झाली असेल किंवा टॅमॉक्सिफेनसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा. लाइन घालतील त्याच दिवशी दंडाचा घेर मोजून फाइलवर लिहून ठेवा. मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण सूज किती वाढली हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

‘आधीच रक्त पातळ करणारं औषध का देत नाहीत?’ असं मीही विचारलं होतं. केवळ लाइन आहे म्हणून ते सरसकट देत नाहीत; केमोमुळे प्लेटलेट्स उतरतात आणि रक्तस्राव व्हायची भीती असते. म्हणून मनाने अ‍ॅस्पिरिनही घेऊ नका.

पिक लाइनचं दर आठवड्याचं फ्लशिंग आणि ड्रेसिंग चुकवू नका. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू देऊ नका. फ्लश जाताना अडलं किंवा लाइनमधून रक्त मागे येईना, तर जोर लावू न देता डॉक्टरांना कळवा.

गुठळी झाली म्हणजे लाइन लगेच काढावीच लागते असं नाही. माझी काढली नाही. लाइन चालू असेल, जागेवर असेल, जंतुसंसर्ग नसेल तर ती ठेवून रक्त पातळ करणारं औषध देतात, निदान तीन महिने.

हात, मान किंवा चेहरा सुजला, छातीवर शिरा उठून दिसू लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर रात्र असली तरी थेट अपघात विभागात जा. आणि उपचार संपले की लाइन काढायची आठवण तुम्हीच डॉक्टरांना करून द्या. ती आत आहे तोवर धोका आहे.