भूदृश्यरचनेला नकाशाची जोड

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे या परिसरात थेट चाकणपर्यंत उद्योगांचा विस्तार झाला. शेतांच्या जागी कारखाने व वसाहती आल्या. नद्यांचा स्वभाव मात्र बदलला नाही. मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार पाडण्यात आले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी रेषा; १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे लाल रेषा होय.

भूदृश्यरचना म्हणजे केवळ उद्याने सजविणे नव्हे. पाणी कोठे मुरवावे, झाडी कोठे राखावी, बांधकाम कोठे टाळावे, याचा विचार करणारे ते शास्त्र आहे. भौगोलिक माहिती प्रणालीत उतार, माती, ओढे, पूररेषा व इमारती यांचे स्वतंत्र नकाशे संगणकावर एकमेकांवर ठेवून पाहता येतात. बुजलेला ओढा अथवा अडलेला प्रवाह त्यातून ध्यानात येतो. प्रत्यक्ष पाहणीची जोड मात्र त्याला हवीच.

अशा अभ्यासास वेळ आणि आर्थिक स्थैर्य लागते. बार्टी, सारथी व महाज्योती या शासकीय संस्था आपापल्या लक्ष्य गटांतील पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. पात्र पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी संशोधनासाठी आपल्याच परिसरातील एखादा ओढा निवडावा. घर बांधल्यावर ते पाडण्याची वेळ येण्यापेक्षा आधी नकाशा वाचलेला बरा.