घाटात आरएक्सला ऑइल कुठून मिळतं?

शहापूर-मुरबाडच्या पोरांना फेरारी मोबाइलवर दिसते. दारात उभी असते ती आरएक्स हंड्रेड. 1985 ते 1996 या काळात बनलेली, 98 सीसीची, 11 हॉर्सपॉवरची आणि जेमतेम शंभर किलोची ही यामाहा किन्हवली-सरळगाव रस्त्यावर आजही सुरुवातीच्या झेपेत भल्याभल्यांना ऐकत नाही. आपल्याकडची स्पोर्ट्‌स कार हीच, आणि घरी पाना हातात घेऊन सांभाळता येते तीही हीच. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या.

माझी गाडी मी जुनीच घेतली. तिचा ऑइल पंप आधीच्या कुणा मिस्त्रीने काढून टाकला होता. ‘पंप कधी दगा देईल सांगता येत नाही, पेट्रोलातच टू-टी ऑइल टाका,’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, आणि सपाटीवर तो खपूनही जातो. मुरबाड, टोकावडे करत माळशेज चढेपर्यंत गाडी सुरेल होती. उतरताना, वैशाखऱ्याच्या अलीकडे, पिस्टन पकडला आणि मागचं चाक जाम. बोटं क्लचवर होती म्हणून दात शाबूत राहिले.

कारण साधं आहे. पंप नसलेल्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला ऑइल येतं ते पेट्रोलाबरोबर. उताराला आपण ॲक्सिलेटर सोडतो. गाडी गिअरमध्ये असल्याने चाकं इंजिनाला गरागरा फिरवत राहतात. पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही जवळजवळ बंद. त्यात पिस्टन चढावर आधीच तापून फुगलेला, आणि त्याच्या नि सिलिंडरच्या मध्ये केसाएवढीही फट नाही. पंप असता तर तो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालत राहिला असता आणि ॲक्सिलेटर सोडला तरी थोडं थोडं ऑइल टाकत राहिला असता. यामाहाने ते लचांड हौस म्हणून लावलेलं नाही.

तेव्हा जुनी आरएक्स घेताना आधी पंप बघा. म्हसा यात्रेत बैलाचे दात बघणारी आपली माणसं गाडी घेताना नुसत्या सायलेन्सरच्या आवाजावर भाळतात! ॲक्सिलेटरच्या केबलला दोन फाटे हवेत, एक कार्बोरेटरकडे, दुसरा पंपाकडे. एकच असेल तर पंप गेलेला आहे.

पंप परत बसवला की त्यातली हवा काढायलाच हवी. पंपावरचा छोटा स्क्रू सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या, मग आवळा. पहिल्या टाकीला पेट्रोलातही लिटरमागे 20 मिली ऑइल टाका आणि ऑइलच्या टाकीवर पेनाने खूण करा. पातळी खाली गेली तरच पंपावर विश्वास ठेवा. पंप नसलेली गाडी घाटात न्यावीच लागली, तर उताराला अधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलेटर द्या.

पिस्टन एकदा पकडला की सिलिंडरला बोअर मारावा लागतो, तो मात्र घरी मारता येत नाही. ते लेथवाल्याचं काम. पण नवा पिस्टन आधी घेऊन त्याच्या हातात द्या, त्या मापानेच बोअर झाला पाहिजे. आणि सिलिंडर उतरलेलाच आहे तर क्रँकचे सील बदला. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक झालं की तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि नवा पिस्टनही भाजतो. उभ्या गाडीचा आवाज आपोआप चढत गेला तर तिथेच संशय घ्या. क्लचच्या बाजूचं गेलं, तर गिअर ऑइल जळून धूर वाढतो. मॅग्नेट काढायला पुलर विकत घ्या. हातोडी-स्क्रूड्रायव्हरने ते निघत नाही, फुटतं.

वेगासाठी पोर्ट घासणं, एअर फिल्टरचा डबा काढणं, मोठा सायलेन्सर लावणं, हे करून देणारे हात जागोजागी आहेत. मूळ इंजिन नीट चालत नसताना मी तरी त्यांच्याकडे जाणार नाही.

पावसाळ्याचं वेगळं. हल्ली पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. भातलावणीच्या दिवसांत गाडी पडवीत उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका, नाहीतर आतली जेट तुंबतात. हे काम चुलीपासून लांब, अंगणात करा.