मुंबईची नोकरी घ्यावी की पुण्याची?

प्रश्न : मी नाशिकला राहतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आणि पुण्यात हिंजवडीला, अशा दोन नोकऱ्या चालून आल्या आहेत. मुंबईचा पगार थोडा जास्त आहे. पत्नी आणि सात वर्षांची मुलगी सोबत असेल. कुठे जावं?

उत्तर : पगाराच्या आकड्यातून आधी घरभाडं, अनामत रक्कम आणि प्रवासखर्च वजा करा. संकुलाजवळचं भाडं परवडणार नाही, म्हणून डोंबिवली-ठाण्याकडे वळावं लागेल. तिथून कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षा. गर्दी जीवघेणी आहे, पण मासिक पास स्वस्त आहे आणि एरवी पोहोचण्याची वेळ सांगता येते. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरली तर बसायला जागा मिळण्याची शक्यता वाढते.

पुण्यात त्याच भाड्यात बहुधा एक खोली जास्त मिळेल. मात्र कोथरूडला घर आणि हिंजवडीला कचेरी, हा हिशेब करू नका. वाकडच्या चौकातच संध्याकाळ संपते. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या मेट्रो मार्गांनी शहरातला प्रवास सोपा झाला आहे, तरी घरटी दुचाकी लागतेच.

माझा सल्ला स्पष्ट आहे : वाकड किंवा बाणेरला घर आणि जवळपास शाळा मिळत असेल, तर पुणे निवडा. मुलगी जागी असताना तुम्ही घरी पोहोचणं हे पगारातल्या थोड्या फरकापेक्षा मोलाचं आहे. पत्नीलाही नोकरी करायची असेल, तर तिच्या क्षेत्रात संधी कुठे जास्त आहेत ते पाहूनच निर्णय घ्या. भाडेकरार करण्याआधी कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, तो प्रवास एकदा स्वतः करून पाहा.