कादंबरी, चित्रपट आणि इतिहास



इतिहासाच्या सहामाही परीक्षेंत नववीच्या एका विद्यार्थ्यानें सिंहगडच्या लढाईवर मोठें सुरेख उत्तर लिहिलें होतें. भाषा शुद्ध, सन बरोबर. परंतु उदेभानाच्या कैदेंत पडलेल्या कमलकुमारीची हकीकतही त्यांत सविस्तर आलेली! मीं दोन गुण कापले. पुढें आमची सहल वज्रेश्वरीस गेली असतां देवालयाच्या पायऱ्या उतरतांना त्यानें मला विचारलें, "सर, कमलकुमारी खोटी, तर मग बेन-हरही खोटाच का?" शाळेच्या सभागृहांत तो चित्रपट आम्हीं नुकताच दाखविला होता. उत्तर तेथें उभ्याउभ्या देतां आलें नाहीं. तें येथें देतों.

हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रसिद्ध झाली. तिजवरून बाबूराव पेंटर यांनीं १९२३ सालीं कोल्हापुरांत 'सिंहगड' हा मूकपट काढला. चित्रण तेव्हां सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. पण हल्ला तर रात्रीचा! म्हणून पेंटर यांनीं कृत्रिम प्रकाशाचा प्रयोग केला. त्या मूकपटांत शेलारमामांची भूमिका करणारे तरुण व्ही. शांताराम यांनींच १९३३ सालीं 'प्रभात'करितां त्या कथेचा बोलपट दिग्दर्शित केला. अमेरिकेंतही असेंच घडलें. ल्यू वॉलेस या सेनानीची 'बेन-हर' ही कादंबरी १८८० सालची. तिचा भव्य मूकपट १९२५ सालीं निघाला, आणि विल्यम वायलर यांचा बोलपट १९५९ सालीं. या दुसऱ्यास अकरा ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. रथांची शर्यत पाहतांना आमच्या मुलांनीं बांकांवर हात आपटले, त्यांत शिक्षकही होते हें कबूल केलेलें बरें.

आतां यांत इतिहास किती? १६६५ च्या पुरंदरच्या तहानें कोंढाणा मोंगलांकडे गेला होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे यांनीं तो घेतांना देह ठेविला. येथवर पाया पक्का आहे. घोरपडीची कथा शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यांतून आली आणि कमलकुमारी आपट्यांच्या लेखणींतून. तानाजीच्या मृत्यूमुळें गडास सिंहगड हें नांव पडलें असें आपण सर्वच सांगतों. परंतु तें नांव १६७० पूर्वींच्या पत्रांतही आढळतें! हें प्रथम वाचलें तेव्हां मला फार वाईट वाटलें. तथापि तानाजीचें शौर्य त्यानें तिळमात्र उणें होत नाहीं.

बेन-हरची गोष्ट निराळी नाहीं. पिलात होता, रोमन सत्ता होती, क्रूस होता. यहूदा बेन-हर मात्र नव्हता. लहानपणीं तो चित्रपट पाहून आल्यावर, नासरेथ येथें प्रभु येशूनें तहानलेल्या बंदिवानास पाणी पाजल्याचा प्रसंग शोधण्यासाठीं मीं चारही शुभवर्तमानें पालथीं घातलीं होतीं! तो प्रसंग शुभवर्तमानकारांचा नव्हे, वॉलेसचा. म्हणून त्याला खोटा म्हणावें का? लबाड मनुष्य खोटें सांगतो तो आपण फसावें म्हणून. कादंबरीकार मुखपृष्ठावरच 'कादंबरी' असें छापतो. तें न वाचणें हा आपला दोष.

चित्रपट भर घालतो तसा गाळतोही, आणि तें अधिक अवघड; कारण भर घातलेलें दिसतें, गाळलेलें दिसत नाहीं. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' कादंबरीवरून २०१५ सालीं 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यांतले चिमाजी अप्पा मुख्यतः मस्तानीच्या प्रकरणीं रुष्ट झालेले बंधु म्हणून भेटतात. ज्या पायऱ्यांवर मला प्रश्न विचारला गेला, त्या देवालयाचा संबंध परंपरा त्याच चिमाजी अप्पांच्या नवसाशीं जोडते. वसई घेण्यासाठीं तो नवस होता, आणि मे १७३९ मध्यें पोर्तुगीजांनीं वसई सोडली. किल्ल्यांतील शिबंदीस त्यांनीं सुखरूप बाहेर जाऊं दिलें. वज्रेश्वरीच्या प्रवेशद्वाराची तटबंदीसारखी बांधणी मीं मुलांस दाखविली, तेव्हां "हेच का ते चिमाजी?" असें तिघांनीं विचारलें.

राहतां राहिले ते दोन गुण. कमलकुमारी कोठून घेतली हें त्या विद्यार्थ्यानें मला कादंबरीच्या नांवासह सांगितलें, म्हणून एक गुण मीं परत दिला. दुसरा त्यानें मागितला नाहीं.